पोर्ट ऑफ स्पेनमध्ये जेवायचं कुठं?



त्रिनिदादचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकल्यापासून एकच मागणी सुरू आहे. "काकू, तिथल्या चांगल्या हॉटेलांची नावं पाठवा ना, आम्हीही मुलाकडे अमेरिकेला जाणार आहोत, तिकडं एक चक्कर मारून येऊ." चौघींनी विचारलं. त्यातल्या एकीनं तर वही-पेन घेऊन फोन केला होता. मी नावं पाठवली नाहीत आणि पाठवणारही नाही. त्याचं कारण लिहायचं म्हणून आज बसले आहे. थोडं लांबेल. आणि मध्ये एक अशी गोष्ट सांगायची आहे, जी मी अजून घरातल्या दोघांखेरीज कुणालाही सांगितलेली नाही.

आधी थोडी माहिती. पोर्ट ऑफ स्पेन ही त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशाची राजधानी. न्यूयॉर्कहून थेट विमान आहे, साधारण पाच तास लागतात. लेकाकडे न्यू जर्सीत थंडीनं गारठून गेलो होतो, म्हणून जानेवारीत आठ दिवस आम्ही दोघंच तिकडं गेलो. समुद्र, हिरवे डोंगर आणि शहराच्या मधोमध क्वीन्स पार्क सव्हाना नावाचं सुमारे 260 एकरांचं मोठं मैदान. आपल्यासारखी माणसं जिकडंतिकडं दिसतात. 30 मे 1845 ला 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून पहिले भारतीय मजूर घेऊन तिथं पोचलं, आणि 1917 पर्यंत उसाच्या मळ्यांवर राबायला लाखाहून जास्त माणसं नेली गेली. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातली. 30 मे ला तिथं अजून सार्वजनिक सुट्टी असते. शहराच्या सेंट जेम्स भागात दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा नावांच्या गल्ल्या आहेत.

हे सगळं मी जाण्याआधी वाचलं होतं आणि मनात म्हटलं होतं, चला, एवढी आपली माणसं आहेत, खाण्याची चिंता नाही. तिथंच पहिली चूक झाली.

माझे नियम तुम्हाला माहीत आहेत. मांस, अंडी, मध नाही. कंदमूळ नाही, त्यात कांदा-लसूण-बटाटा आलाच. सूर्यास्तानंतर जेवण नाही. आमच्या ह्यांचं कांदा-लसणाबाबत बाहेरगावी थोडं सैल असतं (घरी नाही, घरी सासूबाई आहेत), पण मांस-अंड्याच्या बाबतीत ते माझ्याहून कडक. ज्या भगिनी प्रतिमाधारी आहेत, सोळ्याचं खातात, त्यांना मी काही सांगायला जाणार नाही. त्यांनी बाहेर खाऊच नये. मी लिहिते आहे ते माझ्यासारख्या अधल्यामधल्या बायकांसाठी, ज्या नियम पाळतात आणि तरी घराबाहेर पडतात.

पहिल्या संध्याकाळी आम्ही राहत होतो तिथल्या माणसाला विचारलं, जवळ चांगलं जेवण कुठं मिळेल? त्यानं अरियापिटा ॲव्हेन्यूकडं बोट दाखवलं. सगळी मोठी खाण्याची ठिकाणं त्या रस्त्यावर. गेलो तर बरीच नुकती कुठं दारं उघडत होती, टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. जानेवारीत तिथं सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. शहर जेवायला बसतं तेव्हा आपलं तोंड पुसून झालेलं असतं! त्या रात्री खाकरे आणि मेतकूट.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर पाहून एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो. भरपूर तारे, भरपूर फोटो, 'स्थानिक जेवण' अशी ख्याती. नाव सांगणार नाही, दोष त्यांचा एकट्यांचा नव्हता. वाढणाऱ्या मुलीला मी विचारलं, "व्हेजिटेरियन काय आहे?" ती हसून म्हणाली, "कॅलालू. ते भाजीचंच असतं." वाटी आली. आत गडद हिरवं, घोटलेलं, चकचकीत. अगं, हुबेहूब आपलं अळूचं फदफदं! आणि असतंही ते अळूच. तिथं त्याला डशीन म्हणतात. डशीनची पानं, भेंडी, भोपळा आणि नारळाचं दूध घोटून कॅलालू करतात. ते पाहून माझा जीव इतका सुखावला, की लसूण आहे का हेसुद्धा विचारायचं राहिलं. माहेरच्या पंगतीची आठवण आली. एक चमचा तोंडात घातला, दुसरा घातला. तिसऱ्या चमच्यात काहीतरी घट्ट लागलं.

लिहायला हात कचरतो, पण लिहिते, कारण तुमच्यातलीही कुणी फसेल. कॅलालूत चवीसाठी खेकडा किंवा खारवलेली डुकराची शेपटी घालून शिजवायची तिथली सर्रास रीत आहे. त्यांच्या लेखी ती भाजीच. मांसाचा पदार्थ वेगळा, ही नुसती भाजी. ती मुलगी खोटं बोलली नव्हती.

मी उठून बाहेर आले. चूळ भरली, णमोकार म्हटला, तरी पोटातली ढवळ थांबेना. ह्यांनी बिल दिलं आणि काही न बोलता माझ्याबरोबर चालत राहिले. खोलीवर येऊन मी जाहीर केलं, की आता उरलेले सहा दिवस या शहरात बाहेरचं पाणीसुद्धा नको. बॅगेत खाकरे होते, जयसिंगपूरचा भडंग होता, शेंगदाण्याची चटणी होती, तांदूळ-मूगडाळ आणि छोटा कुकर होता. पुरलं असतं. ह्यांनी त्यांचं ते बघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सासूबाईंचा फोन. सांगलीत तेव्हा संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे त्यांचं जेवण उरकलेलं. रोजचा प्रश्न, "जेवलीस का गं नीट?" मला रडू आलं आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "विचारलं होतंस ना?"

"हो, विचारलं होतं."

"कुणाला? वाढणारीला का रांधणारीला?"

तुम्ही चौका लावता, तुम्हाला कळेल हे त्यांच्याच तोंडी का आलं. मुनिमहाराजांच्या आहाराच्या वेळी वाढणारीच्या हातात ताट असतं, पण डाळ कधी निवडली, पाणी कधी गाळलं, हे रांधणारीला माहीत. सासूबाईंनी चाळीस वर्षं चौक्यात उभं राहून काढली आहेत. "आल्यावर माताजींकडून प्रायश्चित्त घे. आणि सहा दिवस भडंग खाऊ नकोस, पित्त होईल," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी हॉटेल शोधणं सोडलं आणि रांधणारी बाई शोधायला लागले.

त्रिनिदादमध्ये सकाळचं खाणं म्हणजे डबल्स. हळद घातलेल्या मऊ पिठाचे दोन छोटे बारा, मध्ये शिजवलेले चणे, वर काकडी, चिंचेची चटणी आणि मिरचीचा झणझणीत सॉस. बारा हा शब्द म्हणजे आपल्या वड्याचाच भाऊ. 1930 च्या दशकात प्रिन्सेस टाउन या गावी एका कुटुंबानं हा प्रकार विकायला सुरुवात केली. आधी एकाच बाऱ्यावर चणे देत, गिऱ्हाईक म्हणालं 'डबल करा', म्हणून डबल्स. गाडीपाशी उभं राहूनच खायचं, आणि मिरचीचा सॉस किती हवा हे आधी सांगायचं. 'स्लाइट' म्हणजे थोडा. ह्यांनी पहिल्याच दिवशी फुशारकीनं स्लाइट म्हटलं आणि पुढं दहा मिनिटं डोळे पुसत होते.

मी स्वतः डबल्स एकदाही खाल्ले नाहीत. बाऱ्यात यीस्ट असतं, चण्यात कांदा-लसूण, आणि ते पातेलंभर आधीच शिजलेलं असतं. त्यातून माझ्यासाठी काय काढणार? पण रोज सकाळी ह्यांच्याबरोबर रांगेत मात्र उभी राहिले. कारण त्या रांगेत अख्खं शहर असतं. शाळेची पोरं, बँकेतल्या साहेबीणबाई, टॅक्सीवाले, गणवेशातले पोलीस. ही माणसं रोज बाहेर खातात आणि स्वतःच्या पैशानं खातात. त्यांना मी विचारायचे, "तुम्ही दुपारी कुठं जेवणार?" 'चांगलं हॉटेल कुठलं' असं विचारलं, की माणूस पाहुण्याला शोभेल असं, पांढऱ्या टेबलक्लॉथचं नाव सांगतो. 'तुम्ही आज कुठं जेवणार' म्हटलं, की खरं ते सांगतो. हा फरक मला पन्नाशी उलटल्यावर कळला, आणि आता मी तो नाशिकलाही वापरते, हुबळीलाही.

तिथंच एका टॅक्सीवाल्या भाऊंनी एक शब्द शिकवला. मी त्यांना माझे नियम सांगत होते. ते म्हणाले, "मग असं म्हणा ना, यू फास्टिंग." तिथल्या हिंदू घरांत पूजेच्या आधी काही दिवस मांस-मच्छी बंद असते, त्याला ते फास्टिंग म्हणतात. व्हेजिटेरियन हा शब्द तिथं पातळ आहे, त्यात खेकड्याचा रस्सासुद्धा बसतो. फास्टिंग म्हटलं की समोरची बाई एकदम सावध होते, कारण आता प्रश्न आवडीनिवडीचा राहिला नाही, देवाचा झाला. मग कुठली पळी कुठल्या पातेल्यात बुडली हेही ती स्वतःहून सांगते.

त्यांनीच सेंट जेम्सकडचं एक रोटीचं दुकान दाखवलं. पाटी जुनी, आत चार टेबलं, भिंतीला फळा, फळ्यावर त्या दिवशीचे सहा-सात पदार्थ. बारापर्यंत त्यातले दोन पुसलेले होते, संपले म्हणून. अशी ठिकाणं मला आवडतात. जिथं पदार्थ संपतो, तिथं तो आज केलेला असतो. ज्या हॉटेलात रात्री अकराला सुद्धा ऐंशी पदार्थ मिळतात, तिथलं फ्रीज केवढं असेल याचा विचार करा.

गल्ल्यामागं स्वयंपाकघर उघडंच होतं. एक म्हाताऱ्या बाई तव्यावर रोटी फुगवत होत्या आणि दुकानातली पोरं त्यांना 'आजी' म्हणत होती. मी चमकले! तिथं वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. भोजपुरीतूनच गेलेला शब्द, पण सातासमुद्रापार कानावर पडला आणि माझे पाय तिथंच खिळले.

मी सरळ त्यांच्यापाशी गेले. "आजी, आय ॲम फास्टिंग." त्यांनी वर पाहिलं. मग मी यादी सांगितली. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखालचं काहीच नाही. "नो प्रोव्हिजन?" त्यांनी विचारलं. डशीनचे कंद, रताळी, कसावा, सुरणासारखा याम, या सगळ्याला तिथं प्रोव्हिजन म्हणतात. म्हणजे आपलं कंदमूळच की! (रास्तफारी लोकांची 'आयटल' जेवणाची दुकानंही तिथं असतात, मांस अजिबात नाही. मी आनंदानं एकात गेले होते. पण ताटात निम्मं प्रोव्हिजनच. तिथून हात जोडून परतले.) आलूसुद्धा नाही म्हटल्यावर आजींना माझी खरीच कीव आली असावी. त्रिनिदादच्या भाजीतून आलू काढणं म्हणजे आपल्या भाकरीतून ज्वारी काढण्यासारखं आहे.

त्या दिवशी त्यांनी मला काही दिलं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तयार असलेलं सगळं त्यांनी एकेक करून नाकारलं. धालपुरीच्या पुरणात लसूण, बैंगनच्या चोक्यात लसूण, चोराईच्या भाजीत (म्हणजे आपला माठ) कांदा-लसूण दोन्ही. सहीना होती, डशीनच्या पानांची, अगदी अळूवडीची बहीण; तिच्या पिठातही लसूण. "नॉट फॉर यू," म्हणाल्या. गिऱ्हाईक परत पाठवणारी रांधणारी बाई भेटली, तर ते ठिकाण धरून ठेवावं. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी साडेसहाला ये. पंपकिन चंके करण्याआधी तुझं बाजूला काढते." चंके म्हणजे छौंक, फोडणी.

दुसऱ्या दिवशी गेलो. लाल भोपळा नुसत्या गीऱ्याच्या, म्हणजे जिऱ्याच्या फोडणीत परतलेला, वर बंधनिया. ही लांबट पानांची कोथिंबिरीसारखी वनस्पती, वास मात्र दुप्पट. आणि तव्यावरची गरम सादा रोटी. सादा रोटीत यीस्ट नाही, बेकिंग पावडर घालतात. तवा वेगळा आहे का, हेही मी विचारलं. मासे भाजण्याचा तवा त्यांनी दाखवला, तो दुसऱ्या शेगडीवर होता. मैत्रिणींनो, त्या भोपळ्याला जी चव होती ती मी ताऱ्यांच्या हॉटेलात कधी घेतली नाही. पुढचे चार दिवस सकाळी आणि अकराच्या सुमाराला आम्ही तिथंच. एकदा कारल्याची भाजी, एकदा बोडी, म्हणजे आपल्या चवळीच्या लांब शेंगा, एकदा डाळ-भात. संध्याकाळी पाचला सव्हानाच्या कडेला शहाळं आणि फळं. कैरीचं किंवा अननसाचं 'चाऊ' तिथं मिळतं, मीठ-मिरची-बंधनिया लावून. लसूण नको म्हटलं तर समोरच कालवून देतात. चिकूही मिळाला. चिकू मुळात त्या बाजूचाच, तिकडून आपल्या डहाणूला आला.

आजींच्या टेबलावर एक लोणच्याची बाटली असे. तिचं नाव मदर-इन-लॉ! कारलं, गाजर आणि जहाल मिरची. गाजर असल्यामुळे मी चाखलं नाही, पण फोटो सासूबाईंना पाठवला. त्यांनी उत्तर पाठवलं नाही.

आता माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडा. आपल्या बायका परदेशी जातात त्या दोन तऱ्हेनं. एक म्हणजे महाराज बरोबर असलेल्या सहलीत. बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, बसमध्ये चढून डाळ-खिचडी खायची. त्यात वाईट काही नाही, सासूबाईंना मी तसंच नेईन. पण आठ दिवस राहून त्या गावातल्या एकाही बाईशी बोलणं झालेलं नसतं. दुसरी तऱ्हा म्हणजे 'परदेशात चालतं गं' म्हणत डोळे मिटून खायचं. माझ्या दोन चमच्यांनी मला दाखवलं, की न विचारता खाण्यात काय होतं. मी तर विचारलंही होतं, फक्त अर्धवट आणि चुकीच्या माणसाला.

आपले नियम ओझं वाटतात, कारण त्यापायी सारखं विचारावं लागतं आणि आपल्याला विचारायची लाज वाटते. मला वाटायची. चारचौघांत वेटरला थांबवून 'यात काय आहे' म्हणताना कान गरम व्हायचे. पण त्या गावात बाकीचे पाहुणे खाऊन, पैसे देऊन निघून जात होते आणि मी चुलीपाशी उभी होते, ते या नियमांमुळंच. लसूण चालत असता तर मी धालपुरी घेऊन टेबलावर बसले असते आणि आजींचं तोंडही पाहिलं नसतं.

म्हणून नावांची यादी नाही. मी गेले तेव्हा त्या आजी होत्या. तुम्ही जाल तेव्हा त्यांच्या तव्यापाशी कोण असेल, ते लसणाआधी भाजी बाजूला काढेल का, हे पाटीवरच्या नावावरून कळणार नाही. दुकान तेच असतं, हात बदललेला असतो. नाव दिलं की तुम्ही काही न विचारता आत जाल, 'काकूंनी सांगितलंय' म्हणून. तो भार मला नको.

सांगलीला परत आल्यावर माताजींकडं गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रायश्चित्त दिलं. ते चालू आहे.

आणि जुलैत जाणार म्हणून वही-पेन घेऊन बसलेल्या ताईंना एवढंच: तेव्हा तिथं पावसाळा असतो आणि सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे संध्याकाळी माझ्यापेक्षा अर्धा तास जास्त मिळेल. चातुर्मासात पालेभाजी सोडणार असाल तर चोराई आणि डशीनची पानं गेली, बंधनियाही आधी सांगून काढायला लावा. भोपळा, कारलं आणि बोडी उरतात. छोटा कुकर न्या. आणि सकाळी सातच्या आत रांगेत उभ्या राहा, उशीर केला तर विचारायला कुणी उरत नाही.